ओकुदाबाईंचं स्वयंपाकघर

कुसुम,

रविवारी बाईंनी हजेरी घेतली नाही. वर्ग सुरू झाला, फोनच्या पडद्यावर एकेकाचा चौकोन उमटला, नमस्कार झाले आणि बाई थेट धड्याकडे वळल्या. आपण जपानी शिकायला लागल्यापासून असं कधी झालं नव्हतं. हजेरीत तुझं नाव माझ्या आधी यायचं. ते वाचायचं की गाळायचं, हे त्यांना ठरवता आलं नसावं. मी मनातून त्यांचे आभार मानले आणि मग तासभर तुझा चौकोन शोधत बसले. तुझा चौकोन म्हणजे अर्धं कपाळ आणि वर फिरणारा पंखा. "कुसुमताई, फोन जरा खाली धरा, चेहरा दिसत नाही," असं बाई पुण्याहून दर रविवारी सांगायच्या. तू म्हणायचीस, "सेन्सेई, चेहरा पाह्यसारखा राह्यला नाही आता. तुम्ही शिकवा."

तू गेल्यावर विहारात तुझं पुण्यानुमोदन झालं, त्या दिवशी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. तुझी प्राची स्वतः हात धरून पुढे घेऊन गेली. 'आईची शाळेपासूनची मैत्रीण' अशी ओळख झाली. मी माइकसमोर उभी राहिले, जयभीम म्हणाले आणि पुढे काही सुचेना. तू ज्यांना सुया टोचल्यास, ज्यांची बाळंतपणं केलीस, ती सगळी माणसं समोर सतरंजीवर बसली होती आणि वाट पाहत होती. मी पुन्हा एकदा जयभीम म्हणाले आणि खाली बसले. मागून कोणी म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "सिस्टर असती तं हिच्या वाटचंबी बोलली असती."

खरंच बोलली असतीस. बँकेत, एसटीत, डॉक्टरसमोर, माझ्या भावासमोरसुद्धा, माझ्या वाटचं नेहमी तूच बोललीस. म्हणून हे लिहिते आहे, सावकाश. मला जमतं ते एवढंच.

जपानीचं हे खूळ मुळात कोणाचं, हा आपला वाद तसाच राहिला. तू सगळ्या आर्णीला सांगत सुटलीस की कॉलेजच्या ग्रंथालयात जपानी कादंबऱ्या वाचून वाचून शालूचं डोकं फिरलं. कादंबऱ्या मी वाचल्या, भाषांतरातून, नोकरीत होते तोवर आणि नंतरही. पण ती भाषा शिकावी, त्या देशात जावं, असं मला कधी वाटलं नव्हतं. पुस्तकात जे मिळतं ते पुस्तकातच ठेवायची मला सवय आहे. सुरुवात तू केलीस. विहाराच्या भिंतीवर दिनदर्शिका होती आणि जानेवारीच्या पानावर जपानमधला तो उघड्यावर बसलेला मोठा बुद्ध होता, डोक्यावर आणि खांद्यांवर बर्फ साचलेला. होळी जवळ आली तरी तू ते पान कोणाला उलटू दिलं नव्हतंस.

"अवं शालू, पाह्य ना. एवढ्या थंडीत बसून हाये बाप्पा. याच्या अंगावर कोणी शालबी काहून नाही टाकली?"

"मूर्ती आहे ती, कुसुम."

"मूर्तीच हाये. मंग आपण फुलं कोणाले वाहतो? मले जाऊन पाह्यचं हाये."

"मग टूरनं जा. दादा सांगत होता, मराठी जेवण देणाऱ्या टूर असतात."

"तिथं जाऊन बी पोहेच खायचे तं आर्णी काय वाईट हाये? आन टूरमंदी सारं तो गाईडच बोलते. मले त्या लोकाईसंग बोलाचं हाये."

आणि तू बोलायला लागलीस. मी अक्षरं गिरवत होते, तेव्हा तू आठवडी बाजारात वांग्यांच्या ढिगासमोर उभी राहून विचारत होतीस, "कोरे वा इकुरा देस का?" भाजीवाली तुझ्याच हातची बाळंतीण. ती म्हणाली, "काय म्हणून राह्यल्या सिस्टर?" तू म्हणालीस, "भाव विचारून राह्यली तुले, जपानीत." तिनं वांगी तोलता तोलता उत्तर दिलं, "जपानीत बी तोच भाव हाये. उधार भेटत नाही." त्यानंतर तू बाजारात शिरलीस की त्या ओळीतून 'इकुरा, इकुरा' असा गलका व्हायचा. मी चार पावलं मागे, पिशवी सांभाळत, तुला ओळखत नसल्यासारखी.

तुझी शिकायची रीत निराळीच होती. मुकुटबनच्या दवाखान्यात तू तरुणपणी नोकरीला लागलीस तेव्हा कोलाम बाया यायच्या. त्यांची बोली तुला येत नव्हती, त्यांना तुझी कळत नव्हती. तू त्यांच्याकडून पहिली गोष्ट शिकलीस ती 'कुठं दुखते?' नाव, गाव, नातं, सगळं नंतर. जपानीतही तू तेच केलंस. पहिल्याच आठवड्यात बाईंना म्हणालीस, "हे पेन हाये, ते पुस्तक हाये, याचं मी काय करू? 'कुठं दुखते' कसं म्हणतेत ते सांगा." बाई म्हणाल्या, ते बऱ्याच पुढच्या धड्यात आहे. तू म्हणालीस, "तोवर माणूस मरन ना, सेन्सेई." सगळा वर्ग हसला. मग बाईंनी तुला एकटीला डोकं, पोट, कंबर, गुडघा असे शब्द वहीबाहेर शिकवले आणि ते तू एकदाच ऐकून पक्के केलेस. लिपी मात्र तुला शेवटपर्यंत वश झाली नाही. पहिल्या पातळीच्या परीक्षेला आपण दोघी पुण्याला गेलो. मी उत्तीर्ण झाले, तू वाचनात राहिलीस. परतीच्या गाडीत मी तुझी समजूत घालायच्या तयारीत बसले होते आणि तू समोरच्या बाईला सांगत होतीस, "आमचं एकच माणूस हाये, दोघीईचं मिळून. हे वाचते, मी बोलतो. पास झालं ते अर्धं, नापास झालं ते अर्धं."

ते खरंच होतं आणि आपण त्याच हिशेबाने सगळी तयारी केली. रेल्वेच्या पाट्या मी वाचणार, रस्ता तू विचारणार. सामान काय न्यायचं, कोणती चटणी विमानात चालते, मोजे किती, बूट कुठे काढायचे, हे मी वाचून काढलं. तू वाकायचा सराव केलास. माझ्या दारात येऊन कमरेतून वाकायचीस आणि तिथूनच ओरडायचीस, "बस का अजून? अजून वाकली तं उठवाले तूच लागशीन." नोव्हेंबरात निघायचं ठरलं. तिकिटं निघाली. तिकडे राहायची सोय बाईंनी सुचवली. त्या शिकायला होत्या तेव्हा ज्यांच्याकडे राहायच्या त्या ओकुदाबाई, डोंगराच्या पायथ्याच्या लहानशा गावात तीन खोल्यांचं उतरायचं घर चालवतात. वय आपल्याहून जास्त, घरात एकट्याच, पाहुण्यांचं सकाळ-संध्याकाळचं जेवण स्वतः करतात. बाई म्हणाल्या, त्यांच्याशी तुम्ही दोघींनीच बोला, हाच तुमचा खरा पाठ.

तो फोन तुझ्या ओट्यावरून लावला होता. तुझ्या ओट्यावर फोडणीचा वास, मागे कुकर. पडद्यावर ओकुदाबाई आल्या, पांढरे आखूड केस, गळ्यापर्यंत बंद जाकीट. मी दोन दिवस पाठ केलेला नमस्कार सांगितला आणि पुढचं वाक्य विसरले. तेवढ्यात तू फोन माझ्या हातातून घेतलास. वय विचारलंस. मुलं किती ते विचारलंस. मी तुझा पदर ओढत होते. मग तू विचारलंस, "गुडघे दुखतात का?"

ओकुदाबाई एकदम थांबल्या. मग हसल्या आणि डावा गुडघा, जिना, थंडी, असं बरंच काही सांगितलं. मला त्यातलं निम्मं कळलं. तुला त्याहून कमी कळलं असेल, पण तू प्रत्येक वाक्याला दवाखान्यात द्यायचीस तसा हुंकार देत होतीस. आणि मग, तुझी सगळी भीड चेपल्यावर, तू आपल्या मोडक्यातोडक्या जपानीत सांगून टाकलंस की मी तुमच्या स्वयंपाकघरात येईन, पाटोडी करीन, तुम्ही बसा, मी करते. पाटोडी कशाची, तर डाळीच्या पिठाची. 'पीठ' हा शब्द मी हळूच पुरवला. ओकुदाबाई म्हणाल्या, "कांगाएते ओकिमास." विचार करून ठेवते.

फोन बंद झाल्यावर तू टाळी वाजवलीस. "झालं! बेसन तेवढं पाह्यलं पाहिजे."

"तिनं नाही म्हटलं, कुसुम."

"कधी? मी काय बयरी हावो का? विचार करून ठेवतो म्हणे ना?"

"तिथं 'विचार करून ठेवते' म्हणजे नाही. पुस्तकात स्पष्ट लिहिलं आहे. तोंडावर नाही म्हणत नाहीत ते लोक."

"पुस्तक लिवणारा तिच्या घरी गेलता का?"

"अगं, पाहुण्यानं स्वयंपाकघरात जायचंच नसतं तिथं. आपली खोली असते, आपलं ताट तिथंच येतं. तिला संकोच झाला असेल. बाईंना सांगून आपण क्षमा मागू."

"क्षमा कायची? पाटोडी करतो म्हटलं, चोरी करतो म्हटलं का? मंग ते जाणं काय झालं शालू? बाहीरच्या खोलीत बसायचं, ताट आलं का खायचं आन उठून यायचं?"

"तशी रीतच आहे तिथली."

तू गॅस बंद केलास. कुकरकडे पाहत म्हणालीस, "रीत मले नोको सांगू." आणि मला चहा दिलास, साखर विसरून. मी तो तसाच प्यायले.

दुसऱ्या दिवशी आपण गरम बनियनबद्दल बोललो, त्याच्या पुढच्या दिवशी विमानात पाय सुजतात त्याबद्दल. ओकुदाबाईंचं नाव तूही काढलं नाहीस, मीही नाही. वाद संपला नव्हता, तो बाजूला ठेवलेला होता. अशा बाजूला ठेवलेल्या वादांवरच आपली मैत्री उभी होती. बोलू कधीतरी, असं दोघींनाही वाटायचं. तो आठवडा संपण्याआधी तू दुपारी जेवून आडवी झालीस आणि उठली नाहीस. प्राचीचा फोन आला तेव्हा मी जपानी घरातल्या शिष्टाचारांवरचं प्रकरण वाचत होते. तुला दाखवायला म्हणून त्यात पेन्सिलीनं खूण केली होती.

ते पुस्तक मी त्यानंतर उघडलेलं नाही. पण तुझं ते 'बाहीरच्या खोलीत बसायचं' मला सोडत नाही. जिवंतपणी आपण ज्याबद्दल कधीच बोललो नाही ते आता लिहिते. आपण सातवीत होतो. तू गणिताची वही न्यायला आमच्याकडे यायचीस आणि पडवीत बसायचीस. आई तुला चहा द्यायची. तुझी कपबशी वेगळी होती, पडवीतल्या कोनाड्यात उपडी ठेवलेली, कान तुटलेली. प्यायल्यावर ती तू स्वतः विसळून कोनाड्यात ठेवायचीस. मी ते रोज पाहत होते आणि मला त्यात काही वेगळं दिसत नव्हतं, जसं भिंतीचा रंग दिसत नाही. तुला दिसत होतं की नाही, हे मी तुला पन्नास वर्षांत विचारलं नाही.

पुढे आई अंथरुणाला खिळली. तू दवाखान्यातली पाळी संपवून संध्याकाळी यायचीस, तिला कूस बदलून द्यायचीस, जखमा पुसायचीस. एके दिवशी वहिनी माहेरी होती, मी औषध आणायला गेले होते. परत आले तर तू आमच्या स्वयंपाकघरात उभी होतीस. डबे उघडून पाहत होतीस. मला म्हणालीस, "मीठ कुठी ठेवता वं तुम्ही?" मी दाखवलं. तू भाताची पेज केलीस, वाटीत घेतलीस, फुंकर मारून आईला भरवलीस. आईनं सगळी पेज खाल्ली. तिनं तुझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि डोळे मिटून घेतले. कोनाड्यातली कपबशी मी त्याच आठवड्यात काढून टाकली. त्यानंतर तू आमच्याकडे कधी पुढच्या दारानं आली नाहीस. सरळ मागच्या दारानं स्वयंपाकघरात, आणि आधी झाकण उघडून पाहायचं, काय शिजतं आहे ते.

हे मला माहीत होतं, कुसुम. सगळं माहीत होतं. तरी तुझ्या ओट्यावर बसून मी तुला दुसऱ्या देशातली बाहेरची खोली समजावून सांगत होते. तुझ्यासाठी एखाद्या घरी जाणं म्हणजे काय, हे मला पुस्तकाच्या आधी आठवायला हवं होतं. आणि मला असंही वाटतं की तुला ते कळलं होतं, म्हणूनच तू फक्त एवढंच म्हणालीस, रीत मले नोको सांगू. एवढ्यावर सोडलंस. तू माझ्या बऱ्याच गोष्टी सोडून दिल्यास, आणि मी त्याला तुझा मोकळा स्वभाव म्हणत आले.

आता तयारीचं काय ते सांगते. दादा म्हणाला, "शालू, एकटी कायले जातं आता? त्या सिस्टरच्या जिवावर चालली होतीस तू. साधं रिक्षावाल्याशी बोलत नाहीस." त्याचं चुकत नव्हतं. प्राचीनं तुझे नवे मोजे तेवढे माझ्याकडे आणून दिले आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही नेले तं न्या, नाही तं राहू द्या." मी सगळं रद्द करायचं ठरवलं. बाई म्हणाल्या, ओकुदाबाईंना मी कळवते. मी नको म्हणाले. त्यांच्याशी तू बोलली होतीस. तुझ्याबद्दल त्यांना कोणा तिसऱ्याकडून कळावं हे बरं वाटेना.

मी कागदावर वाक्यं लिहिली. कुसुमसान वारल्या. मी येऊ शकत नाही. कृपा करून आमची खोली रद्द करा. तुम्हाला त्रास दिल्याबद्दल क्षमा असावी. प्रत्येक शब्द शब्दकोशात पाहिला. कोणत्या क्रियापदानं आदर राहतो, कोणत्यानं नाही, ते पाहिलं. कागद आरशासमोर वाचून काढला. शनिवारी सकाळी फोन लावला.

पडद्यावर ओकुदाबाई आल्या आणि त्यांनी माझ्या शेजारी पाहिलं. मग दुसऱ्या बाजूला पाहिलं. "कुसुमसान?" त्या म्हणाल्या, आणि जरा मान वाकडी करून माझ्या मागेही पाहू लागल्या, जणू तू कुठूनतरी आत येशील.

मी कागदावरचं पहिलं वाक्य वाचलं.

त्या हलल्या नाहीत. फोन अडकला की काय असं मला वाटलं. मग त्यांनी दोन्ही हात जोडले आणि डोळे मिटले. बराच वेळ. मी कागद घट्ट धरून बसले होते. दुसरं वाक्य वाचायची वेळ झाली असं वाटून मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्या म्हणाल्या, थांबा, आणि उठून गेल्या. उठताना त्यांनी टेबलावर हात टेकला, डावा पाय सावरला. मला समोर फक्त एक खिडकी दिसत राहिली आणि बाहेर एक फळांनी लगडलेलं, पानं झडत आलेलं झाड.

त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात दोन पाकिटं होती. एक उजव्या हातात, एक डाव्या. दोन्ही पिठांची. त्या सावकाश बोलत होत्या, मला कळावं म्हणून तेच तेच तीनदा सांगत होत्या. डाळीचं पीठ म्हणून आधी त्यांनी हे आणलं, हे तिकडे सगळीकडे मिळतं, सोयाबीनचं, भाजलेलं. मग त्यांना शंका आली. गावात एक नेपाळी माणूस जेवणाचं दुकान चालवतो. त्याला विचारलं. त्यानं हे डाव्या हातातलं दिलं. आता यातलं बरोबर कोणतं?

मी हातातला कागद उलटून पाहिला.

कुसुम, ओकुदाबाईंनी विचार केला होता. विचार करते म्हणाल्या आणि खरोखर केला. मी पुस्तकातलं एक वाक्य घेऊन तुझ्याशी भांडत होते तेव्हा ती बाई दुखरा गुडघा घेऊन नेपाळ्याच्या दुकानात गेली होती. कदाचित पुस्तकात लिहिलं आहे तसं इतर हजार माणसं वागत असतील. पण तुला हजार माणसं कधी भेटतच नसत. तुला नेहमी एकच माणूस भेटायचं, समोरचं. तू जिंकलीस आणि तुझ्या वाटची टाळी वाजवायला मी इथे एकटी आहे.

मी बोट दाखवलं. "ते. डावीकडचं."

त्यांनी ते पाकीट पुढे ठेवलं, दुसरं मागे सारलं. मग फोन उचलला आणि मला स्वयंपाकघर दाखवलं. अरुंद ओटा, दोन शेगड्या, खिळ्यांना टांगलेल्या कढया. एका शेगडीवरची भांडी काढून कोपऱ्यात रचली होती. ही रिकामी केली, म्हणाल्या. इथं फार वर्षांत दुसरं कोणी उभं राहिलेलं नाही. आणि मग, "गुडघ्याचं तिला सांगा की..." असं म्हणून त्या थांबल्या. मला तिकडच्या खिडकीबाहेरचा कुठलातरी पक्षी ऐकू येत होता.

त्या पुन्हा समोर बसल्या. पाकिटावर हात ठेवून त्यांनी विचारलं, आता हे कोण करणार?

रद्द करण्याचं वाक्य माझ्या हातात होतं. किती आदरानं लिहिलं होतं ते. मी कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "मी करते."

मला धड पाटोडी येत नाही, हे तुला सांगायला नको. तू करायचीस तेव्हा मी तुझ्या ओट्यावर पुस्तक घेऊन बसायचे. पण सांगून बसले. शब्दकोश न पाहता, कोणी न सुचवता, तोंडातून गेलं. मागाहून लक्षात आलं की वाक्यात एक चूकही होती. काल प्राचीला विचारलं, तर म्हणाली, "मावशी, या रविवारी आईच्या सयपाकघरात. पाहून येत नाही ते, पीठ घोटा लागते."

ओकुदाबाईंनी शेवटी एक प्रश्न विचारला. कुसुमसान कशा होत्या?

यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं असावं. विहारात माइकसमोर मला हेच विचारलं होतं आणि माझ्याजवळ मराठीतले इतके शब्द असून एकही निघाला नव्हता. जपानीतले माझ्याजवळ शंभरेक असतील. मोठं, लहान, गरम, गार, जवळ, दूर. पहिल्या धड्यांमधले. त्यातलेच घ्यावे लागले.

"आवाज मोठा होता," मी म्हणाले. "आता इथं शांत आहे."

ओकुदाबाईंनी मान हलवली. म्हणाल्या, "या."

मी म्हणाले, "येते."